थेट्यांच्या हातचं कॅरिअर

"तुम्ही केलेलं कॅरिअर तुटलं, काका. एटीव्ही उलटली आणि मल्हारी खाली सापडला."

नवनाथ थेटे फोन कानाला लावून तसाच उभा राहिला. दुसऱ्या हातातली वेल्डिंगची काच त्यानं हळूच टेबलावर ठेवली.

"जिवंत हाय ना?"

"आहे. दवाखान्यात नेलंय. पायावरच पडली गाडी. तुम्ही आधी मळ्यात या. काय केलंय ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा." ललितशेठनं फोन ठेवला.

सातपूरच्या कारखान्यांमागच्या गल्लीत नवनाथची पत्र्याची शेड होती आणि शेडच्या मागेच घर. एकोणतीस वर्षं त्यानं एका कंपनीत वेल्डर म्हणून काढली होती. कंपनी बंद पडल्यावर खिडक्यांच्या जाळ्या, गेट, पाण्याच्या टाकीचे स्टँड असली कामं करून तो पोट भरत होता. माणूस असा की गल्लीत दहा वर्षं राहूनही शेजाऱ्यांना त्याचं आडनाव माहीत नव्हतं.

ते माहीत झालं एटीव्हीमुळे. गिरणारे गावाच्या पुढे ललित देशमाने याची द्राक्षबाग होती, टेकाडाच्या उतारावर. पावसानं जमीन मऊ झाली की तिथे ट्रॅक्टर रुतायचा. म्हणून ललितनं बंद पडलेल्या एका रिसॉर्टमधून एटीव्ही आणली; ती चालवायला त्याचा गडी मल्हारी होता. चार जाड चाकं, स्कूटरसारखं हँडल, आणि बाकी काही नाही. पर्यटकांना धुरळ्यात फिरवणारी ती गाडी शेतीच्या कामाला लावायची तर तिला हातपाय हवे होते. नवनाथनं असली गाडी आयुष्यात पाहिली नव्हती. दोन दिवस तो नुसता टेप घेऊन तिच्याभोवती बसला. फवारणीची टाकी कुठे बसवावी हे सुचत नव्हतं, तेव्हा चहा घेऊन आलेली त्याची बायको मंजुषा म्हणाली, "घागर डोक्यावर घेतली तर मान सांभाळावी लागते. कडेवर घेतली की चालता येतं." मग त्यानं पन्नास लिटरची टाकी मागे, चाकांच्या मध्ये, खाली बसेल असं कॅरिअर केलं. पुढे गार्ड, बाजूला क्रेट अडकवायचे हूक, जुन्या स्कूटरच्या चाकांची एक छोटी ट्रॉली. ते पाहून आणखी सहा-सात बागाईतदार आपापल्या गाड्या घेऊन आले. गल्लीत त्याला आता 'एटीव्हीवाले थेटे' म्हणत. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी माणसाला नाव मिळालं होतं.

"मी येते," मंजुषा म्हणाली. तिनं फोनवरचं सगळं ऐकलं होतं.

"तू कशाला?"

"गाडी मी चालवते. तुमचं लक्ष लागणार नाही."

तो स्कूटीवर मागे बसला.

गंगापूर सोडलं, दुगाव गेलं. रस्त्यात टोमॅटोचे क्रेट भरलेल्या पिकअप समोरून येत होत्या. नवनाथला त्यातलं काहीच दिसत नव्हतं. तो मनात कॅरिअरचे सांधे मोजत होता. खालचे चार, बाजूचे दोन, आडव्या पट्टीचे दोन. आडवी पट्टी जोडताना मध्येच लाइट गेली होती, हे त्याला आत्ता आठवलं. लाइट आल्यावर तिथूनच पुढे काम केलं. पण आधी तो सांधा घासून साफ केला होता का? केला असेल. नसेल केला तर? वरून छान दिसणारा सांधा आतून पोकळ राहू शकतो, आणि तो कधी सुटेल ते कुणी सांगू शकत नाही.

"काही बोला की," मंजुषा म्हणाली.

"काय बोलू? माझ्या हातानं माणूस गेला असता."

"गेला नाही. आधी बघू तर."

एटीव्ही बागेच्या कडेला, बांधाला टेकून आडवी पडली होती. औषधाचं निळं पाणी सांडून माती भिजली होती. चार-पाच मजूर बाजूला उभे होते, ललित कमरेवर हात ठेवून. त्याचा चेहरा रागानं आणि भीतीनं उतरला होता.

"बघा," तो एवढंच म्हणाला.

नवनाथ गुडघ्यावर बसला. आधी त्याला दिसली ती टाकी. ती पन्नास लिटरची नव्हती. दोनशे लिटरचा निळा ड्रम होता. तो मावावा म्हणून कॅरिअरवर लोखंडी अँगलचे चार पाय उभे करून वरती दुसरी चौकट केली होती. त्यातले दोन पाय मुळापासून सुटले होते. त्यानं सुटलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. वेल्डिंगचे गोळे नुसते वर बसले होते, लापशीच्या गुठळ्यांसारखे. लोखंड लोखंडात उतरलंच नव्हतं. मग त्यानं खाली हात घातला. चिखल पुसला. त्याचे स्वतःचे आठही सांधे जागच्या जागी होते. लाइट गेली होती तो आडव्या पट्टीचाही. माशाच्या खवल्यांसारखी एकसारखी रेघ, कुठे केसाएवढी फट नाही.

तो तिथेच ओल्या मातीत बसला आणि त्यानं मोठा श्वास सोडला. इतकं हलकं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. दुसऱ्याच क्षणी त्याला स्वतःची लाज वाटली. तिकडे एक माणूस पाय मोडून पडलाय आणि आपण इथे सुटलो म्हणून श्वास सोडतोय.

"हे वरचं माझं काम नाही, ललितशेठ."

"कसं नाही? मल्हारी मला म्हणाला, थेट्यांकडून वाढवून आणलं."

नवनाथला आठवलं. गेल्या मंगळवारी मल्हारीचा फोन आला होता. "मामा, मोठी टाकी बसवायची हाय. कधी येऊ?" तेव्हा नवनाथ एका गेटच्या मापात अडकला होता. "नाय बसायची मोठी टाकी," असं म्हणून त्यानं फोन ठेवला होता. का बसणार नाही ते सांगितलं नव्हतं. त्यानंतर दोनदा मल्हारीचं नाव फोनवर आलं, तेव्हाही त्यानं उचलला नव्हता.

"म्हणजे त्यानंच कुठेतरी मशीन मिळवून जोडलंय," ललित म्हणाला. "आणि वर तुमचं नाव सांगितलं. बरं झालं कळलं ते. आता त्याचं तो बघेल. मी कशाला दवाखान्यात उभा राहू?"

मजूर एकमेकांकडे बघू लागले. मंजुषा नवनाथकडे बघत होती. तो पँटला हात पुसत उठला.

"शेठ, एक सांगतो. मी जोडलं असतं ना, तरी गाडी उलटलीच असती. माझा सांधा तुटला नसता, एवढाच फरक. दोनशे लिटर पाणी इतक्या वर, आणि हा आडवा उतार. ड्रम अर्धा झाला की पाणी एका अंगाला धावतं. गाडीचं काय चालणार त्याच्यापुढं?" तो थांबला. "हा ड्रम कोणी आणला?"

ललितनं बागेकडे पाहिलं. छाटणी होऊन पंचवीस दिवस झाले होते. ढग आले होते, घडांवर डावणी रोग पडायची भीती होती. नवीन फुटींची पानं वाऱ्यावर हलत होती.

"मी आणला," तो शेवटी म्हणाला. "पन्नास लिटरनं फवारणी उरकत नव्हती. मीच त्याला म्हटलं, दोन दिवसांत बसवून घे, नाहीतर दुसरा माणूस बघतो."

"मग झालं तर," नवनाथ म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. "चला दवाखान्यात."

ललितनं खिशातून जीपची चावी काढली.

दवाखाना त्र्यंबक रोडला होता. मल्हारी खाटेवर पडला होता, उजवा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत बांधलेला. उशाशी त्याची बायको प्रतिभा उभी होती. नवनाथला दारात पाहताच मल्हारीनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

नवनाथ खाटेजवळ गेला. वाटेत ठरवलेलं सगळं तो विसरला आणि त्याला एकदम राग आला.

"माझं नाव का घेतलं रे? एवढ्या वर्षांत एक सांधा सुटला नाही माझा. आज सकाळपासून काय झालं असंल माझं?"

मल्हारीचे खांदे हलायला लागले. "मालक विचारत होते, कोणाकडून केलं. मी केलं म्हटलं असतं तर चढूच दिलं नसतं गाडीवर. तुमचं नाव घेतलं की कोणी पुढं विचारत नाय, मामा."

"तीनदा फोन लावला होता त्यांनी तुम्हाला," प्रतिभा म्हणाली. ती भांडत नव्हती, नुसतं सांगत होती. "तुम्ही नाय म्हटले, मग त्यांनी मोबाइलवर बघून बघून केलं. मी धरून उभी होते अँगल."

नवनाथनं खुर्ची ओढली आणि बसला. राग जसा आला तसा गेला.

"नाय म्हटलो ते बरोबरच होतं," तो म्हणाला. "पण का नाय, ते सांगायला पायजे होतं. दोन मिनिटं लागली असती. ती नाय काढली मी."

ललित मागे उभा होता. तो घसा साफ करून म्हणाला, "मल्हारी, ड्रम माझा होता. खर्चाचं तू बघू नकोस." मल्हारीनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

तेवढ्यात डॉक्टर आले. तरुण होते, घाईत होते. हाड दोन ठिकाणी मोडलंय, ते जुळेल, पण गुडघ्याखाली नस दबली आहे का ते अजून कळत नाही, सकाळी बोटं हलत नव्हती, असं त्यांनी सांगितलं. त्यांनी चादर बाजूला केली.

"अंगठा हलवा."

बँडेजमधून पाच बोटं बाहेर आली होती. नखांत आणि भेगांत फवारणीच्या मोरचुदाचा निळा रंग अजून बसलेला होता. बोटं हलली नाहीत. प्रतिभानं पदराचं टोक तोंडात धरलं. ललित एक पाऊल पुढे आला. मंजुषानं नवनाथच्या खांद्यावर हात ठेवला.

"घाई नाही. पुन्हा करा," डॉक्टर म्हणाले.

मल्हारीनं डोळे मिटले. कपाळावर शिरा उमटल्या. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता. मग अंगठा किंचित, अगदी किंचित वर उठला आणि खाली बसला. पुन्हा उठला. त्याच्यामागून दुसरं बोट.

"छान," डॉक्टर म्हणाले आणि कागदावर काहीतरी लिहायला लागले.

प्रतिभा खाटेच्या पायथ्याशी खाली बसली आणि पदर ओला करून त्या बोटांवरचा निळा रंग पुसू लागली. स्वतःचा पाय दुखायला लागला तेव्हा नवनाथच्या लक्षात आलं, की आपणही बुटात आपला उजवा अंगठा केव्हापासून वर दाबून धरला आहे. त्यानं तो हळूच सैल सोडला.