डॉक्टरीणबाईंची गाडी

सीट उचलली आणि मिस्त्रींचा हात तिथेच थांबला. कार्बोरेटरच्या रबरी नळीवर नवीकोरी क्लिप होती. असली क्लिप त्यांच्या दुकानात नव्हती, आणि गेल्या एकोणीस वर्षांत या गाडीला दुसऱ्या कुणाचा पाना लागला नव्हता.

"बाई, ही उघडली कुणी?"

जनावरांच्या डॉक्टरीणबाई पायरीवर बसून बुटांचा चिखल काडीने काढत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"वरच्या चढावर बंद पडली हो, गेल्या आठवड्यात. टेम्पोत घालून खाली आणली. पंपवालीचं दुकान वाटेतच लागतं, म्हणून तिच्याकडेच टाकली. छान केलंय तिनं."

'छान' मिस्त्रींना मिरचीसारखं झोंबलं. एकोणीस वर्षांत त्यांच्या वाट्याला "झालं का?" याच्यापलीकडे काही आलं नव्हतं.

गाडी म्हणजे जुनी टू-स्ट्रोक क्वाड बाईक. चार फुगीर टायर, पाठीमागे औषधांच्या पेटीसाठी लोखंडी जाळी. जिथे जीपही हात टेकायची, त्या डोंगरावरच्या गोठ्यांपर्यंत ही चढायची. तिचे सुटे भाग मिळणं बंद होऊन जमाना लोटला होता. मिस्त्रींनी भलत्याच गाड्यांच्या केबली कापून तिला बसवल्या होत्या, दर सहा महिन्यांनी सायलेन्सरमधली काजळी खरवडली होती, पेट्रोलमध्ये तेल किती घालायचं हे बाईंना कागदावर लिहून दिलं होतं. गाडी बाईंची, हे त्यांना ठाऊक होतं. पण पटत मात्र नव्हतं.

आणि पंपवाली! फवारणीचे पंप आणि लाकूडतोडीच्या करवती दुरुस्त करणारी, तीन वर्षांपूर्वी दुकान थाटलेली बाई. चहाच्या टपरीवर मिस्त्री तिला 'पिचकाऱ्यांची डॉक्टर' म्हणायचे आणि स्वतःच आधी हसायचे.

दुसऱ्या दिवशी गॅस्केटच्या कागदाचं निमित्त काढून ते तिच्या दुकानात गेले. दुकान लख्ख होतं. पाने आकाराप्रमाणे टांगलेले. हेसुद्धा त्यांना आवडलं नाही.

"या काका, बसा."

'काका' म्हटल्यावर ते मुद्दाम उभेच राहिले. "त्या क्वाडला काय झालं होतं?"

"क्रँकचं सील गेलं होतं, मॅग्नेटोच्या बाजूचं. तिथून हवा ओढत होती. इंजिन तापलं, पिस्टन धरला, जागीच अडकला." तिने हात पुसले. "उतारावर रेस सोडली तरी इंजिनाचा वेग उतरत नव्हता म्हणे."

"ते मला माहितीये. म्हणूनच दोनदा कार्बोरेटर साफ करून दिला मी."

"हो, बाई म्हणाल्या. पण काका, बारीक शिट्टी येत होती ना सीलमधून? इंजिन गार झाल्यावर सुटलं, तेव्हा चालू केल्या केल्या मला ऐकू आली. तुम्हाला..."

"आली होती," मिस्त्री म्हणाले. "पुढच्या खेपेला उघडणारच होतो."

ती गॅस्केटचा कागद कापताकापता हळूच म्हणाली, "गाडी बंद पडली त्या दिवशी वर एक घोडी अडली होती. बाई पायी पोचल्या, उशिरा. घोडी वाचली, शिंगरू गेलं. त्या तुम्हाला सांगणार नाहीत. मीही सांगायला नको होतं."

कागद तिथेच ठेवून मिस्त्री बाहेर पडले.

घरी बायको भाजी निवडत होती. ते तिच्यासमोर जमिनीवरच बसले.

"मला ऐकू कमी येतं का गं?"

"कुकर लावून शेजारी गेले, तर शिट्ट्यांवर शिट्ट्या होतात आणि तुम्ही तिथेच पेपर वाचत असता. वर्ष झालं."

"मग बोलली का नाहीस?"

"दोनदा बोलले. तुम्हाला ऐकू आलं नाही." ती हसायला गेली, तिला जमलं नाही.

महिन्याभराने डॉक्टरीणबाई नेहमीप्रमाणे गाडी घेऊन आल्या. मिस्त्रींनी सीट उचललीच नाही.

"यापुढे पंपवालीकडेच न्या, बाई."

"अहो मिस्त्री, रागावलात की काय?"

"रागावलोय. चांगला महिनाभर जळतोय. पण म्हणून नाही म्हणत." त्यांनी उजव्या कानाला बोट लावलं. "बारीक आवाज येत नाहीत मला. आणि शिंगराचं कळलंय."

"तेव्हाच सांगायला हवं होतं मी," बाई म्हणाल्या. "धीर झाला नाही."

मिस्त्री त्यांच्याबरोबर पंपवालीकडे गेले. या खेपेला स्टुलावर बसले आणि तासभर एकेक सांगत राहिले. मागचा डावा बोल्ट उलट्या आट्याचा आहे, जोर लावू नकोस. थंडीत चोक पुरता ओढायचा नाही. टाकीच्या तळाला गंज आहे, पेट्रोलची जाळी दर महिन्याला बघ. पंपवाली वहीत लिहून घेत होती. मधेच तिने काहीतरी विचारलं, ते त्यांना कळलं नाही. ती उठून त्यांच्या डाव्या बाजूला येऊन बसली आणि तेच पुन्हा विचारलं. तिचं असं समजून घेणंही त्यांना सहन होईना. पण त्यांनी उत्तर दिलं, आणि नीट दिलं.

परतताना ते रस्त्याच्या कडेने चालले होते. मागून क्वाड आलेली त्यांना कळलीच नाही. एकदम बाजूने पुढे गेली तेव्हा दिसली. बाईंनी हात वर केला. मिस्त्री थांबले आणि सायलेन्सरकडे डोळे बारीक करून पाहू लागले. धूर दाट निघावा, काळा निघावा, काहीतरी चुकलेलं दिसावं, असं त्यांना फार वाटत होतं.

धूर पातळ होता, निळसर. जसा असायला हवा तसाच.

वळणापर्यंत ते पाहत राहिले. मग हात पाठीमागे बांधून चालू लागले.