चौसरनगरीचा राजा

"चौसरनगरीच्या राजाचा जय!" सगळा मंडप एका दमात ओरडला. कुपवाडच्या पलीकडच्या त्या मळ्यात अमावस्येला मुंगीलाही जागा नसायची, आणि सगळे डोळे लागलेले असायचे एका लाकडी फाशावर. मुठीएवढा फासा, पण तोरा काय विचारता!

फासेबुवाची टकळी सुरू झाली. "पाताळाच्या खाली चौसरनगरी हाय. तितं दिवस फाशावर उगवतो, पाऊस फाशावर पडतो. तितल्या राजानं ह्यो फासा मला सपनात दिला." स्वप्नातलं लाकूड जागं झाल्यावर उशाला कसं उरलं, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

फाशाच्या सहा बाजूंपैकी एकीवर राजा कोरला होता. राजा वर आला की डॉक्टरचं औषध बंद, बुवाचा अंगारा सुरू. नाही आला तर "राजा रुसलाय" म्हणत बुवा पुन्हा टाकायचा. रुसवा फार टिकायचा नाही.

पुढच्या रांगेत दीपाली वडिलांना, रामगोंडा आप्पांना, घेऊन बसली होती. याच फाशावर तिच्या आईची, पद्मावतीची, साखरेच्या आजाराची इंजेक्शनं बंद झाली आणि आई गेली. वर हा मेला बुवा सांत्वनाला येऊन म्हणाला, "श्रद्धा कमी पडली." त्या दिवसापासून दीपाली बुवाच्या मागावर होती. आता आप्पांच्या छातीत कळा येत होत्या. मिरजेचा डॉक्टर ऑपरेशनची घाई करत होता, आणि आप्पांचा एकच हेका, "राजाला इचारल्याबिगर न्हाई."

फाशाला पाणी लावायचं नाही, शक्ती उतरते, असा बुवाचा दंडक होता. पाण्याला एवढा का भितो हा, याचा दीपालीनं पुरता विचार केला होता.

ती दुधाची बादली घेऊन उठली. "बुवा, आमची म्हैस व्यायली. चीक सरला. पहिलं दूध देवाचं असतंय. राजाला न्हाऊ घालायचंय."

बुवाचं तोंड उतरलं. "दोन थेंब शिंपड की, बाई."

"पहिलं दूध शिंपडत्यात व्हय?" मागून म्हातारी बनुबाई कडाडली. "आवं, देवाला बुडवा की चांगलं!" मंडपानं माना डोलावल्या. भक्तांनीच बुवाला कोंडीत पकडलं.

दीपालीनं फासा बादलीत सोडला. तो डुलला, फिरला आणि राजा वर आला. तिनं राजा खाली दाबून हात काढला. पुन्हा राजा वर. आडवा धरून सोडला, तरी राजाच वर.

"बघताय न्हवं? राजाच्या पाठची बाजू जड हाय. जड ते खाली जातंय. जमिनीवरबी बहुतेक येळा तसंच पडतंय. अन् चुकलं, की रुसवा!"

"चमत्कार हाय ह्यो!" बुवा किंचाळला.

"मग राजालाच इचारू. बुवाला पोलिसात द्यायचं का? राजा वर आला तर द्यायचं. टाका तुमच्याच हातानं."

बुवानं हात मागं घेतले. "पोरी, खेळ हाय गं ह्यो, नुसता खेळ!"

"माझी आई खेळ व्हती काय रं?"

रामगोंडा उठले. त्यांनी बादलीतला फासा काढला, नारळ फोडायच्या दगडावर ठेवला आणि दुसरा दगड घातला. लाकूड फुटलं, आतून शिशाची गोळी घरंगळली. त्या गोळीकडं बघत म्हातारा हमसून हमसून रडला.

मंडप बुवावर धावून गेला. दीपाली आडवी आली. "हात लावू नका! चार थपडा खाऊन सुटंल त्यो. मला त्यो कोर्टात उभा पायजे. माझ्या आईचं नाव सगळ्यांम्होरं त्याच्या तोंडातनं ऐकायचंय मला."

कुणीतरी पोलिसांना फोन लावला.

मग ती गर्दीकडं वळली. "अन् तुमी! देवाला खुशाल माना. पर आजार फाशाला कळत न्हाई, तपासणाऱ्याला कळतोय. उपाय सांगणाऱ्याला 'कशावरनं?' एवढं तरी इचारत जावा. आमी इचारलं न्हाई, म्हणून आमची आई गेली."

रामगोंडांनी डोळे पुसले. "गाडी काढ, दीपे," ते म्हणाले. "डॉक्टर थांबला असंल."