पेरूच्या चकत्या

उदगीरच्या मोंढ्यामागील, म्हणजे धान्यबाजारामागील मंडपात त्या सोमवारी पाय ठेवायला जागा नव्हती. गाठसोडे महाराजांनी भस्म शिंपडलेल्या वस्त्राखालून सीटी स्कॅनची काळी फिल्म काढून उजेडात धरली, आणि "हर हर महादेव!" असा गजर उठला. उमाबाईंच्या मूत्रपिंडावरील गाठ मागील सोमवारी पेरूएवढी दिसली होती. आज ती बोराएवढी!

"गाठ वितळून राहिली, अन् फोटोबी आपोआप बदलून राहिला," महाराज वदले. "आता चाकू लावाल, तर दैवी काम बिघडंल."

उमाबाईंचे पती गुरुबसप्पा हे धान्याचे अडते. पोत्यात परखी खुपसावी, मूठभर दाणे पाहावेत आणि भाव बोलावा, ही त्यांची चाळीस वर्षांची रीत. त्याच रीतीने त्यांनी एका चित्रावर निर्णय दिला, "बुधवारचं ऑपरेशन रद्द!"

त्यांची पुतणी डॉ. अंजू लातूरला स्कॅन वाचण्याचेच काम करते. काकूंसोबत मंडपात आलेल्या तिने शांतपणे वस्त्र उचलले. खाली फिल्मांचे पाकीट होते.

"काका, मागच्या सोमवारची फिल्म तर इथंच आहे. मग बदलली कोणती? दोन्हींवर तारीख एकच. तेव्हा गाठीचा मधला काप दाखवला, आज कडेचा."

मग महाराजांच्याच ताटातील पेरू घेऊन तिने त्याच्या चकत्या केल्या. मधली तळव्याएवढी, शेंड्याची रुपयाएवढी.

"पेरू वितळला का, काका?"

मंडपात खसखस पिकली.

"प्रत्येक चकतीचं क्षेत्रफळ जाडीनं गुणायचं अन् सगळ्यांची बेरीज करायची. तेव्हा घनफळ कळतं. मी केलंय. काकूंची गाठ कपभर चहाएवढी आहे."

"पर परखीनं मी आख्खं पोतं पारखतो की!"

"दाणा पारखता, काका. वजन परखीवर करता, का काट्यावर?"

गुरुबसप्पांनी शेंड्याची चकती तळहातावर तोलून पाहिली.

"श्रद्धा पाहिजे, श्रद्धा!" महाराज पुटपुटले.

"हाय की, महादेवावर हाय," उमाबाई उठत म्हणाल्या. "अहो, दवाखान्यात फोन लावा. बुधवारीच येतो म्हणावं."

बुधवारी शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली. गाठ कपभरच निघाली. भस्माने तिचा थेंबही उणा केला नव्हता.

आपल्या पूज्य शास्त्रकारांनी स्थालीपुलाकन्याय सांगितला आहे: एका शितावरून भात शिजला की नाही, हे जाणावे. मात्र पातेल्यात भात किती, हे शितावरून कळते, असे त्यांनीही कोठे म्हटलेले नाही. देवापुढे हात अवश्य जोडावेत. गाठ मात्र मोजणाऱ्याकडून मोजून घ्यावी.