सोनपाखराची काच

सांगलीत आमच्या दारावर ‘भूपाल फोटोवाले’ अशी पाटी आहे. फोटोत रंग मी भरते, हे पाटीवर लिहायचं कुणाला सुचलं नाही. असो. १९४३ सालची गोष्ट. मिरजेच्या डॉक्टरांनी ह्यांच्या डोळ्यांना काचबिंदू सांगितला. उरलीसुरली नजरही दिवाळीपर्यंत जाईल म्हणाले.

ह्यांनी वीस वर्षं नवरा-नवरीचे आणि लढाईवर निघालेल्या शिपायांचे फोटो काढले. "हलू नका" म्हणण्यातच जन्म गेला. मनात मात्र भलतंच होतं. परसातल्या रताळ्याच्या वेलावर ज्वारीच्या दाण्याएवढं, सोन्यासारखं चमकणारं सोनपाखरू बसतं, त्याचा तळहाताएवढा फोटो काढायचा, नजर जायच्या आत. लढाईमुळे, ज्यांवर फोटो उमटतो त्या काचा मुंबईहून येणं बंद झालेलं. घरात सहाच उरल्या होत्या.

कॅमेऱ्याचा भाता पुरता ताणून भिंग पाखराजवळ न्यायचं, आणि चार आकडे मोजेपर्यंत त्यानं हलता कामा नये. त्याला हे कोण सांगणार? पाच काचा वाया गेल्या. प्रत्येकीवर नुसता धुरकट डाग.

शेजारचे औषधवाले लालासाहेब म्हणाले, "स्पिरिटात बुडवा की. गप पडंल."

"मारून काढायचा तर खड्याचा काढीन," हे म्हणाले. त्या दिवशी जेवलेच नाहीत. "पद्मा, एवढं एक नीट बघू दे गं ह्या डोळ्यास्नी," म्हणाले.

मी पाणी गाळून पिणारी, चुलीत घालायच्या आधी लाकूड आपटून मुंग्या झाडणारी बाई. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी पानावर डिंकाचा थेंब लावला, पुठ्ठ्यावर फोटो चिकटवायचा तोच. पाय तेवढे धरून ठेवील, मग पाण्यानं सोडवू, असा माझा शहाणपणा. ह्यांना सांगितलं नाही.

पाखरू बसलं ते बसलंच.

"एक, दोन, तीन, चार!" हे ओरडले. "हललं न्हाई, पद्मा!"

काच धुवायला हे अंधाऱ्या खोलीत गेले. तिथं त्यांना डोळ्यांची गरज लागत नाही. इकडे मी ओल्या कापसानं पाखरू सोडवायला लागले. दोन पाय डिंकातच राहिले. मग आणखी एक. घाबरलं की त्याचं सोनं जातं आणि निवांत झालं की परत येतं, हे मला ठाऊक होतं. मी वाट बघत राहिले. ते विटकरी झालं आणि तसंच राहिलं. मला रडायलाही येईना.

हे ओली काच घेऊन बाहेर आले. पाठीवरचा ठिपका न् ठिपका उमटला होता. काच डोळ्याला भिडवून ह्यांनी कितीतरी वेळ पाहिली.

"सोनं आलं का गं परत?"

"आलं."

"माझ्या हातावर ठेव. उडताना तरी कळंल."

मी ठेवलं. हे हात पसरून उभे राहिले.

"भीत न्हाई बघ मला," म्हणाले.

मला ते बघवेना. वाकून हळूच फुंकर मारली.

"उडालं," म्हटलं.

ह्यांनी मान वर करून आभाळात शोधलं, किती दिवसांनी हसले, आणि घरात जायला पाऊल उचललं. पाखरू तिथंच खाली पडलं होतं.

"हलू नका!" मी किंचाळले.

"अगं, झाला की फोटो," हे म्हणाले.