देवीदासच्या घरची माळ

गावात पटकी शिरली आणि सहा दिवसांत अकरा माणसं गेली. वलगावपासून दोन कोसांवर, पेढीच्या काठी ते गाव होतं. नाव सांगत नाही, कारण तिथली नातवंडं-पतवंडं अजून सुखानं नांदतात आणि त्यांना आपल्या आज्या-पणज्यांचा अभिमान फार. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडून तेव्हा वीसेक वर्षं झाली होती. अमरावतीहून सरकारी माणूस आला, विहिरीत लाल दवा टाकून गेला, आणि रंगलेलं पाणी पाहून बायांनी त्याच्या नावानं बोटं मोडली. गावाचा भरवसा दवेवर नव्हताच. येत्या मंगळवारी मरीमायला बोकड द्यायचा ठरला.

पण नुसता बोकड देऊन भागत नव्हतं. त्याच्या गळ्यात झेंडूची माळ पडल्याशिवाय देवी तो घेत नाही, आणि ती माळ देवीदास माळ्याच्याच घरात ओवलेली, त्याच घरच्या माणसानं घातलेली लागते, असं भगत सांगे. त्या घराचा हा पिढ्यान्‌पिढ्यांचा मान. अडचण एवढीच, की तीन वर्षांपूर्वी देवीदासनं रिद्धपूरला जाऊन महानुभाव पंथाचा उपदेश घेतला होता. एका परमेश्वराशिवाय दुसऱ्या कोणत्या देवतेपुढे हात जोडायचे नाहीत, जीव मारायचा नाही, मारणाऱ्याला हातभार लावायचा नाही, असं तो कबूल करून आला होता.

हे खूळ त्याच्या डोक्यात शिरलं ते त्याआधीच्या तापाच्या साथीत. तेव्हाही बोकड दिला होता आणि माळ देवीदासनंच घातली होती. तो घालत असताना बोकडानं त्याच माळेतलं एक फूल तोडून खाल्लं आणि आणखी मिळेल म्हणून त्याचा तळवा चाटला. पुढे जे व्हायचं ते झालं. घरी येऊन देवीदासनं चारदा हात धुतला आणि त्या दिवशी तो जेवला नाही.

त्याची बायको पार्बताबाई हिनं उपदेश घेतला नव्हता. गावात राहून गावापेक्षा वेगळं वागायचं म्हणजे विस्तवाशी खेळ, हे तिला नवऱ्यापेक्षा चांगलं कळत होतं. पण माणूस मायाळू, कष्टाळू, कधी हात न उगारलेला. त्यानं मटण सोडलं म्हणून तिनंही सोडलं. तीन वर्षं साथ आली नाही, त्यामुळे माळेचा प्रश्नही आला नाही, आणि तिला वाटलं की आता तो कधी यायचाच नाही.

रविवारी खुशालराव पाटील स्वतः मळ्यात आले. देवीदासनं त्यांना बसायला घोंगडी टाकली. तो म्हणाला की रोग्यांची घाण काढतो, मढी वाहतो, सरण रचतो. ते तो साथीच्या पहिल्या दिवसापासून करतच होता. गावातल्या रामरावची पोरगी तीन दिवस ओकत-हागत पडली होती, तिच्या घरचे लोक उंबऱ्यापाशी थबकत तेव्हा तिचे कपडे नदीवर धुऊन आणले ते यानंच. पाटलांनी सगळं ऐकून घेतलं आणि माळेचं विचारलं.

"बोकडाच्या गळ्यात माह्या हातानं आता माळ पडत नाही, पाटील," देवीदास म्हणाला. "बाकी काईबी सांगा."

पाटलांना दुसरं काही सांगायचंच नव्हतं. त्याच रात्री रामरावची पोरगी गेली. सकाळी सगळ्या गावाच्या तोंडी एकच गोष्ट होती, की देवीदासनं नकार दिला आणि पोर मेली. पोर त्याआधीच मरायला टेकली होती हे कोणाच्या ध्यानात राहिलं नाही. नाव देवीदास आणि देवीलाच पाठ दाखवतो, असा टोमणाही एका शहाण्यानं काढला.

सोमवारी दुपारी वीसेक माणसं मळ्यात घुसली. वांग्याचे, झेंडूचे वाफे तुडवले, मोटेचा दोर तोडला आणि देवीदासला ओढत चावडीपुढे नेलं. पार्बताबाई मागून धावली. काठ्या पडत होत्या तोवर तो नुसता परमेश्वराचं नाव घेत होता, आणि त्या नावानंच लोक जास्त पिसाळत होते. दर चार काठ्यांनी कोणी तरी विचारी, ओवतो का माळ? तो नाही म्हणून मान हलवी. शेवटी रामरावनं त्याचा उजवा हात पायरीच्या दगडावर दाबून धरला आणि कुऱ्हाडीच्या मागच्या बोथट तुंब्यानं तीन बोटं ठेचली. ज्या हातानं त्याच्या पोरीचे कपडे धुतले तोच हात होता, हे रामरावला आठवलं की नाही, देव जाणे. पोरीच्या सरणाची राख अजून निवली नव्हती, एवढं त्याच्या बाजूनं म्हणता येईल. फिर्याद द्यायची तर पोलीसपाटील खुशालरावच.

देवीदासला बाजेवर घालून घरी आणून टाकलं. पाटील पार्बताबाईला म्हणाले, उद्या दुपारपर्यंत माळ आली नाही तर झोपडी पेटेल, आणि हा आतच असेल. मग आवाज उतरवून म्हणाले, "तू बी त त्याच घरची ना वो बाई. तुह्या हातची चालते देवीले."

मंगळवारी उजाडल्यावर देवीदासचा ताप जरा उतरला. पार्बताबाईनं त्याला पेज पाजली आणि हळद आणते म्हणून ती बाहेर पडली. तुडवलेल्या वाफ्यांत शोधून शोधून तिनं अर्धी टोपली धड फुलं जमवली. गोठ्याच्या मागे बसून माळ ओवताना तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्यानं उपदेश घेतलाय, आपण नाही, मग पाप लागलं तर आपल्याला लागेल, त्याला कशाला, असं ती मनाशी पुन्हा पुन्हा म्हणत होती. आणि त्याला कळणार तरी कसं?

ते मात्र तिनं चुकीचं धरलं होतं. तिनं बोकडाच्या गळ्यात माळ घातली, डफडं थांबलं, आणि रीतीप्रमाणे भगतानं मळ्यापर्यंत ऐकू जाईल अशी आरोळी दिली, "देवीदास माळ्याच्या घरची माळ आली होऽ! देवीदासची माळ पावली होऽ!" हे आरोळीचं तिच्या ध्यानातच नव्हतं. ती हळद न घेताच घरी परतली तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून उठून बसला होता. तो रागावेल, शिव्या देईल, चुकून हातही उचलेल, आणि मग सगळं मिटेल, अशी तिनं आशा धरली. तो भिंतीकडे तोंड करून तसाच बसून राहिला.

आठवडाभरात पटकी ओसरली. लाल दवेचं नाव कोणी काढलं नाही, सगळं श्रेय बोकडाला. पाटलांनी भातकुलीचा हाडवैद्य पाठवला. बाया पार्बताबाईची ओटी भरून गेल्या, तिच्या हाताचा गुण गाऊन गेल्या. ज्यांनी वाफे तुडवले त्यांनीच मोटेला नवा दोर बांधून दिला. रामराव रोज तांब्याभर दूध आणून ओट्यावर ठेवी आणि मान खाली घालून निघून जाई. खोटं कशाला बोला, पार्बताबाईला बरं वाटलं. नवरा जिवंत होता, झोपडी उभी होती, गाव गोड बोलत होतं. फक्त देवीदास पाणीदेखील डाव्या हातानं आपलं आपण घेऊन पीत होता.

नवव्या दिवशी तो उठून चावडीकडे निघाला. ती मागोमाग गेली आणि भिंतीच्या आडोशाला उभी राहिली. पाटील, भगत, रामराव, सगळे बसले होते. त्यांनी त्याला सरकून जागा दिली. तो बसला नाही.

"माळ मी देली नाही," तो म्हणाला. "माह्या नावानं जे ओरडले ते खोटं हाये. गावात सांगा तसं."

कोणी हसलं नाही, चिडलंही नाही. पाटील समजुतीच्या सुरात म्हणाले की बाईनं घातली म्हणजे घरानंच घातली, यात खोटं काय, ताप डोक्यात गेलाय, घरी जाऊन पड. भगतानं मान डोलावली. देवीदासनं फडकं बांधलेला हात पुढे केला.

"नाही देली म्हणतो ना. मंग मारा फिरून."

मग रामराव उठला, त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आता कायले मारावं बाप्पा तुले? तू त आमचाच हायेस."

आणि त्यानं आपल्या हातानं देवीदासला गुळाचा खडा दिला. काठ्या सोसताना डोळ्यांतून टिपूस न काढलेला तो माणूस तिथे सगळ्यांदेखत रडला. लोकांना वाटलं, पश्चात्ताप झाला. पाटलांनाही भरून आलं.

परतीच्या वाटेवर ती चार पावलं मागून चालत होती. मेलेल्या नवऱ्याला घेऊन काय करू, रांडाव होऊन बसू का, तुमच्या देवानं तरी हात आडवा घातला का, असं तिच्या ओठांवर कितीतरी आलं होतं, आणि त्यात चुकीचं एक अक्षर नव्हतं. मळ्याच्या कुंपणापाशी तो थांबला. आठ दिवसांत पहिल्यांदा त्यानं तिच्याकडे पाहिलं.

"ते मारत होते तवा मी एकटा नोतो, पार्बते," तो म्हणाला. "आता एकटा आहो."

एवढं बोलून तो आत गेला.