चालू मशीनला कुंकू

खंडेनवमीला सकाळी साडेदहा वाजता चाकणच्या कारखान्यातली ब्रेकचे सुटे भाग तपासणारी सगळी यंत्रं एकदम अडकली. कारखान्याचा डेटाबेस शिफा सांभाळायची, आणि अडकण्याची अटही तिनेच घातली होती.

अट साधी होती. तपासलेल्या प्रत्येक भागाची नोंद चाकणच्या सर्व्हरवर व्हायची आणि त्याच वेळी दापोडीच्या जुन्या वर्कशॉपमधल्या स्टँडबाय सर्व्हरवरही. दापोडीहून 'मिळाली' असा निरोप आल्याशिवाय चाकणने पुढचा भाग घ्यायचा नाही. उद्या चाकणचा सर्व्हर बसलाच, तर दापोडीने एकही नोंद न गमावता कारभार हाती घ्यावा. ब्रेकचा मामला, नोंद हरवून कसं चालेल? पण दापोडीच बंद पडली तर काय, हा विचार तिने 'बघू नंतर' म्हणत चार महिने ढकलला होता.

तिने दापोडीला फोन लावला. उचलला सोपानरावांनी. ते तिथले इलेक्ट्रिशियन, निवृत्तीला सहा महिने उरलेले.

"काका, कोपऱ्यातला सर्व्हर बंद आहे का?"

"व्हय, मीच केलाय. पूजा हाय न्हवं? चालू मशीनला कुंकू लावत्यात का कुठं?"

"अहो, बंद करू नका म्हणून चिठ्ठी चिकटवली होती मी!"

"ती इंग्रजीतली? मला वाटलं, गॅरंटीचा कागद हाय."

सोपानरावांनी धावत जाऊन बटण दाबलं. सर्व्हर उठला, मागे राहिलेलं सगळं त्याने भरून घेतलं आणि काम सुरू झालं. नोंद एकही हरवली नाही, पण चाळीस मिनिटं लाइन बंद राहिली होती. प्रॉडक्शन मॅनेजर कुलदीप सरांना अहवालात एक नाव हवं होतं.

"सोपानरावांचं टाक. वरचे म्हणतायत, घरी बसवा."

शिफाची नोकरी पुढच्याच आठवड्यात कायम व्हायची होती. बटण सोपानरावांनीच बंद केलं, हे खोटं थोडंच होतं? तिने नाव लिहिलंही. मग तिला स्वतःचीच लाज वाटली. एकाच स्टँडबायवर सगळा भार तिने टाकला होता, इंग्रजी चिठ्ठी तिची होती, आणि ते मशीन काय करतं हे त्या माणसाला तिने कधी सांगितलंच नव्हतं. तिने ते नाव खोडून आपलं लिहिलं.

दसऱ्यानंतर कुलदीप सरांनी तिला बोलावलं. टेबलावर तिच्या अहवालाशेजारी वहीचा फाडलेला कागद होता. 'न विचारता बटण मी बंद केलं. शिफाबाईंचा काही दोष नाही. सोपान.'

"एका चुकीला दोन धनी!" सर वैतागले. "आता घरी कोणाला बसवू?"

शिफा म्हणाली, "कोणालाच नको, सर. पुनावळ्याच्या गोदामात आणखी एक स्टँडबाय द्या. दोघांपैकी एकाने 'मिळाली' म्हटलं तरी लाइन चालेल. एक पूजेला बसलं तर दुसरं जागं राहील."

सरांनी नावाचा रकाना कोरा ठेवून सही केली. "आणि चिठ्ठी," ते म्हणाले, "या वेळी सोपानरावांकडून लिहून घे."