पहिला जोगवा वैरिणीच्या दारी

"पोर वाचू दे आईराजा. माझं जिच्याशी वैर असंल, तिच्या दारी पहिला जोगवा मागीन," असा नवस सारजाबाई बोलली, तेव्हा मी तुळजापुरात एका बुरुडाच्या अंगणात पाण्यात भिजत पडलेला नुसता वेत होते. मी तिची परडी बोलतेय. नवस तिनं केला आणि जन्म मला मिळाला.

पोर म्हणजे रामकिसन. देवीच्या फोडांनी अंग भरलेलं, डोळे चिकटलेले. पण वाचला. मग सारजाबाईनं तुळजापूरला येऊन मला घेतलं, हळदकुंकू वाहिलं, आत कवड्या ठेवल्या. तामलवाडीला परतली ती थेट थोरल्या जावेच्या, सिताबाईच्या, दारात. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून ही दोन्ही घरं एकमेकांचं तोंड बघत नव्हती.

"उदो गं आई! जोगवा वाढा, आक्का."

"कालपत्तूर माझ्या नावानं बोटं मोडत होतीस. आज मागायला माझंच दार गावलं व्हय?"

जोगवा मागणाऱ्या बाईला रिकामं धाडायचं नसतं. म्हणून सिताबाईनं वाढलं. मूठभर ज्वारी, त्यात निम्मे खडे. सारजाबाईनं मला कपाळाला लावलं, पुढची चार घरं मागितली आणि घरी येऊन खडे निवडत बसली.

मंगळवार, शुक्रवार, हेच. निजाम गेला, गावच्या वाटेला यष्टी आली, पण सिताबाईचे खडे काही सरले नाहीत. मला फार राग यायचा. देवीच्या परडीत असं कुणी घालतं का? पण सारजाबाई म्हणायची, "खडं तिचं, दाणं आईचं."

पुढं रामकिसनचं लग्न झालं. नळदुर्गाकडची रुद्रम्मा सून म्हणून आली. शिवम्मा नावाची नात अंगणात धावू लागली. सारजाबाई तिची वेणी घालायची तेव्हा शेवटचा पेड मुद्दाम सैल सोडायची, म्हणजे पोरगी पुन्हा मांडीशी येऊन बसे.

एका वर्षी ऐन नवरात्रात नळदुर्गाहून माणूस आला. रुद्रम्माच्या आईचं काही खरं नव्हतं, लेकीला लगेच धाडा म्हणून निरोप होता. रुद्रम्मा लुगडं बदलून उभीच राहिली.

"घट बसल्यात," सारजाबाई म्हणाली. "घट उठल्याबिगर सून उंबरा वलांडत न्हाय. आई भवानी बघून घेईल."

दसऱ्याला घट उठले. त्याआधीच तिकडं माती झाली होती.

त्या दिवसापासून रुद्रम्मा सासूशी बोलली नाही. चूल एक, छप्पर एक, आणि मधे बिचारी शिवम्मा.

"शिवे, तुझ्या आईला म्हणावं, आमटी खारट झालीया."

"शिवे, आजीला सांग, तोंडच कडू असल्यावर कशाला चव यील?"

असाच एक मंगळवार. सारजाबाईनं मला खुंटीवरून काढलं. मला वाटलं, चाललो सिताबाईकडं. पण ती परसातून वळसा घालून आपल्याच सैपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"उदो गं आई! जोगवा वाढ, रुद्रम्मा. चुकलं माझं. देवीचं नाव सांगून म्या तुला तुझी आई बघू दिली न्हाय."

रुद्रम्मा भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. मग ती उठली, मला हिसकावून घेतलं आणि उंबऱ्यातच पालथं केलं. हळदकुंकू सांडलं, कवड्या चुलीपर्यंत घरंगळल्या.

"माझ्या आईच्या तोंडात पाणी घालायचं ऱ्हायलं. ते आधी माघारी द्या, मग मागा."

सारजाबाईनं कवड्या वेचल्या. शुक्रवारी पुन्हा तेच दार पहिलं, सिताबाईचं दुसरं. रामकिसन चिडायचा. "आपल्याच घरात भीक? लोकं हसत्यात, आई!"

"हसू दे बाबा. हसणाऱ्याशी माझं वैर न्हाय."

रुद्रम्मानं मात्र कधीच काही वाढलं नाही.

यंदा चैत्रात सारजाबाई गेली. तेराव्याला सिताबाई जेवून उठली आणि म्हणाली, "चला, माझे खडे वाचले!" रामकिसननं माझ्याकडं बघितलं. "उद्या हिला नदीत सोडून येतो. आईसंगं हेबी सुटू दे." रुद्रम्मा पत्रावळी उचलत होती. मी समजले, आपली वेळ भरली.

दुसरा दिवस मंगळवार. रुद्रम्मा भाकऱ्या थापत होती. जोगव्याची वेळ झाली आणि तिचे हात आपसूक थांबले. तिनं दाराकडं बघितलं. दारात कुणीच नव्हतं.

"शिवे, तुझ्या आजीला म्हणावं..."

शिवम्मा आईच्या तोंडाकडं बघत राहिली.

रुद्रम्मा उठली. मला खुंटीवरून काढलं, काठवटीतलं पीठ मूठ भरून घेतलं आणि माझ्यात सोडलं.

"घ्या, आत्याबाई."

मला पालथं केलं त्या मंगळवारानंतर, इतक्या वर्षांत, सासूशी सरळ बोललेला तो पहिला शब्द. ऐकायला शिवम्मा आणि मी, दोघीच होतो.

रामकिसन मला न्यायला आला तर मी तिच्या हातात. "कुठं चाललीस?"

"नवस तुमच्या जिवाचा हाय. नदीत सोडायला निघालाव?"

पिठाच्या हातांनीच ती सिताबाईच्या दारात उभी राहिली.

"आता तू व्हय?" सिताबाई कडाडली. "सासूला जित्तेपणी मूठभर पीठ दिलं न्हाईस, अन् माझ्याकडं कुठल्या तोंडानं आलीस?"

"ह्याच तोंडानं, थोरल्या आत्याबाई. वाढा."

सिताबाई आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. आली ती धाडकन ज्वारी ओतून म्हणाली, "निवडून घे. खडं असत्याल."

घरी रुद्रम्मा सूप घेऊन बसली. दाणा न् दाणा बघितला. एकही खडा निघाला नाही. तरी ती निवडतच राहिली.

आता मी पुन्हा त्याच खुंटीला आहे. दोघींची तोंडं अजून तिखटच आहेत, पण माझ्यातलं धान्य स्वच्छ असतं.

बायांनो, तुमच्याकडं परडी नसेल, पदर तर आहे. कुणाशी अबोला आहे, ते दार तुम्हाला ठाऊक आहे. सारजाबाईसारखा नवस बोला आणि पहिलं तिथं जा. खडे मिळाले तर निवडता येतात. आणि तुमच्या दारात कुणी असं येऊन उभं राहिलं, तर मूठ आवळून धरू नका. मागणारं माणूस आहे तोवर वाढा.